नाव काढणारे कारकून

मराठी माणूस नावाचे काय काय करतो याची एकदा यादी करून पाहावी. तो नाव ठेवतो आणि नावे ठेवतो. पहिल्यात पेढे वाटले जातात, दुसऱ्यात शेजाऱ्यांचे बोलणे बंद होते. तो नाव सांगतो, नाव घेतो, नाव टाकतो, नाव गाजवतो आणि प्रसंगी बापजाद्यांचे नाव बुडवतोही. या साऱ्यांत आपल्या आयाबायांचा लाडका प्रयोग मात्र एकच : 'पोरगा नाव काढील हो!' आता 'काढणे' या क्रियापदाचा दुसरा अर्थ चित्र काढणे असाही आहे, हे आपल्या कुणाच्या ध्यानीमनी नसते. पण वाचकहो, या पृथ्वीच्या पाठीवर असा एक समाज होऊन गेला, की तिथे कुणाचे नाव कागदावर घ्यायचे तर ते खरोखरच काढावे लागे. अगदी शाई आणि रंग घेऊन!

हा समाज म्हणजे मेक्सिकोतले नाहुआ लोक. आपण त्यांच्यातल्या एका शाखेला ॲझ्टेक या नावाने ओळखतो. त्यांची भाषा नाहुआतल. ती आपल्याला अगदीच परकी आहे असे समजू नका. टोमॅटो, चॉकलेट आणि चिकू हे तिन्ही शब्द मुळात तिच्याच घरचे. स्पॅनिश लोकांच्या गलबतांतून जगभर फिरत फिरत ते आपल्या मंडईत येऊन बसले. या लोकांची राजधानी तेनोच्तित्लान १३ ऑगस्ट १५२१ रोजी स्पॅनिशांच्या हाती पडली, म्हणजे शिवजन्माच्या शंभराहून अधिक वर्षे आधी. राज्य गेले, पण भाषा गेली नाही. २०२० च्या मेक्सिकोच्या जनगणनेत ती बोलणारे सोळा लाखांहून अधिक लोक नोंदले गेले आहेत.

या भाषेत 'लिहिणे' आणि 'रंगवणे' यांना क्रियापद एकच. लिहिणाऱ्याला ते 'त्लाकुइलो' म्हणत. आपण त्याला कारकून म्हणावे की चितारी, हा प्रश्नच उद्भवत नाही. तो दोन्ही असे. 'काळी शाई, तांबडी शाई' एवढे म्हटले की त्या भाषेत विद्या असा अर्थ होई.

या कारकुनांच्या हातची एक प्रसिद्ध पोथी आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तिला मेंदोसा पोथी म्हणतात, कारण अंतोनियो दे मेंदोसा या स्पॅनिश व्हाइसरॉयने ती १५४० नंतरच्या एकदोन वर्षांत आपल्या बादशहासाठी करवून घेतली असे मानले जाते. बादशहाला मात्र ती मिळालीच नाही. ती फ्रेंचांच्या हाती लागली आणि तिथल्या राजाच्या पदरी असलेल्या आंद्रे तेवे या भूगोलज्ञाने तिच्यावर १५५३ साल घालून आपले नाव लिहून ठेवले. दुसऱ्याच्या पुस्तकावर आपले नाव घालण्याची ही खोड किती जुनी आहे पाहा! पुढे ती इंग्लंडात गेली आणि १६५९ मध्ये ऑक्सफर्डला विसावली. आज तिची पाने घरबसल्या संगणकावर पाहता येतात.

या पोथीत मेक्सिकोचे राजे एकेका पानावर चटईवर बसलेले आहेत. चेहरे सारखे, बसण्याची ऐट सारखी. मग कोण कोणता हे ओळखायचे कसे? तर प्रत्येकाच्या डोक्यापासून एक बारीक रेघ निघते आणि तिच्या टोकाला एक लहानसे चित्र असते. ते त्याचे नाव. पहिल्या राजाच्या रेघेला एक मूठ आहे आणि मुठीत बोरूसारख्या काड्या धरलेल्या आहेत. आमच्या सौभाग्यवतींनी ते चित्र पाहून विचारले, "अहो, हा उसाचा बागाईतदार का?" तसे नव्हे. त्याचे नावच अकामापिच्त्ली, म्हणजे 'मूठभर बोरू'. चिमालपोपोका म्हणजे 'धुमसती ढाल', म्हणून ढालीतून धुराची वलये निघाली आहेत. अशायाकात्ल म्हणजे 'पाण्याचा चेहरा', म्हणून चेहऱ्यावरून पाणी ओघळते आहे. पहिल्या मोक्तेसुमाचे दुसरे नाव इल्हुइकामिना, 'आकाशाला बाण मारणारा'. तिथे आकाशाचा एक तुकडा काढून त्यात बाण रुतवला आहे. शेजारच्या तेश्कोकोच्या कवी राजाचे नाव नेसावालकोयोत्ल, 'उपास धरलेला कोल्हा'. आपल्याकडे एकादशीला असे पुष्कळ आढळतील! शेवटचा राजा क्वाउतेमोक म्हणजे 'खाली झेपावणारा गरुड'. त्याच्या नावाच्या चित्रात गरुडाचे डोके खाली असते. या राजाला कोर्तेसने १५२५ मध्ये फासावर चढवले हे ठाऊक असले म्हणजे त्या उलट्या गरुडाकडे पाहताना मन जरा चरकते.

इथवर सारे सोपे आहे. अर्थ घ्यावा आणि चित्र काढावे. पण ज्याचे चित्रच होत नाही त्याचे काय करायचे? 'जवळ' कसे काढणार? गावाच्या नावाला लागणारा 'पाशी' हा प्रत्यय कसा काढणार? इथे या कारकुनांची खरी हुशारी दिसते. मी वर्गात हे समजावून सांगताना नागपूरचा दाखला देतो. नागपुरातला 'पूर' म्हणजे नगर. नगर काढत बसायला वेळ लागतो. त्याऐवजी एक नाग काढावा आणि त्याच्या खाली नदीला आलेला पूर काढावा. वाचणारा म्हणेल : नाग, पूर, नागपूर! अर्थाचा संबंध नाही, पण कान फसत नाही. 'कमलाकर' काढायला सांगितले तर मुले कमळ काढून त्याला हात जोडतात. त्यावर मी व्याकरणाचा मास्तर या नात्याने 'अरे, तो कर नव्हे, आकर, म्हणजे खाण!' असे ओरडून पाहतो. पण नाव बरोबर वाचले गेलेले असते, त्यामुळे माझे कुणी ऐकत नाही.

नाहुआ कारकून नेमके हेच करीत. गावाच्या नावातल्या 'त्लान' या प्रत्ययासाठी ते दात काढीत, कारण दाताला त्यांच्या भाषेत 'त्लांत्ली' म्हणतात. म्हणून 'क्वाउतित्लान' या गावाच्या चित्रात झाडाला चक्क दात आहेत. 'नावाक' म्हणजे जवळ. पण त्याच्याशी जुळणारा 'नावात्ल' हा शब्द स्वच्छ, गोड बोलण्यासाठी आहे. मग 'क्वाउनावाक', म्हणजे 'झाडांजवळ', हे गाव लिहायचे तर झाड काढायचे आणि त्याच्या तोंडातून बोलण्याचे वेटोळे निघालेले दाखवायचे. स्पॅनिशांना तो उच्चार काही जमला नाही. त्यांनी त्याचे 'कुएर्नावाका' केले, ज्याचा त्यांच्या भाषेत 'गाईचे शिंग' असा अर्थ होतो. बोलणारे झाड गेले आणि गावाला शिंग फुटले! आजही ते शहर त्याच नावाने नांदते आहे.

आता एकाच नावाच्या दोन माणसांची गोष्ट सांगतो. इत्स्कोआत्ल म्हणजे काळ्या ज्वालामुखी काचेचा साप. या काचेची पाती ते लोक सुरीसारखी वापरीत. या नावाचा एक राजा १४२७ ते १४४० या काळात मेक्सिकोच्या गादीवर होता. मेंदोसा पोथीत त्याचे नाव पाहावे तर एक साप आहे आणि त्याच्या पाठीवर काचेची टोकदार पाती ओळीने उभी आहेत. मोठे भीतिदायक चित्र. राजाला शोभेल असे.

दुसरा इत्स्कोआत्ल तेश्कोकोजवळच्या तेपेत्लाओस्तोक भागातला एक साधा कुटुंबवत्सल माणूस. साप त्याच्या वाट्याला आलाच नाही. त्याच्या नावात आहे एक काचेचे पाते, एक मडके आणि थोडे पाणी. पात्याचे 'इत्स', मडक्याला 'कोमित्ल' म्हणतात त्यातला 'को', आणि पाण्याला 'आत्ल' म्हणतात त्यातला 'आ'. जोडून वाचा : इत्स-को-आ. साप नाहीसा झाला आणि निव्वळ उच्चार उरला. ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून ओबँ या फ्रेंच पंडिताने १८४९ मध्ये दाखवून दिले, की ही नुसती चित्रे नव्हेत, यांत आवाज लिहिलेला आहे. तरीही पुढे शंभरदीडशे वर्षे पुष्कळ विद्वान ही लिपी म्हणजे अर्धवट चित्रकलाच असे म्हणत राहिले. २००८ मध्ये आल्फोन्सो लाकादेना या स्पॅनिश अभ्यासकाने तिची अक्षरे पद्धतशीर मांडली, तेव्हापासून तो सूर बराच खाली आला आहे.

हा साधा इत्स्कोआत्ल ज्या पोथीत सापडतो, तिला व्हेर्गारा पोथी म्हणतात. ती राजांची बखर नाही, घरांची आणि शेतांची नोंदवही आहे. प्रत्येक घरासाठी एक ओळ. आधी घरातली माणसे, म्हणजे नुसती डोकी, आणि कर्त्याच्या डोक्याशी त्याच्या नावाचे चित्र. घरातले कुणी वारलेले असेल तर ते डोके काळे रंगवलेले. मग त्या घराची शेते, त्यांच्या बाजूंची मापे रेघा आणि ठिपके यांनी दाखवलेली. मापाची काठी सुमारे अडीच मीटरांची. काठीत न बसणारा उरलेला तुकडा दाखवायला बाण, हात, हाड आणि हृदय अशी लहान मापे. आपण वीत आणि हात म्हणतो, ते शेताच्या बांधावर हृदयही मोजीत. आमच्या तलाठ्यांच्या दप्तरात अशी सोय नाही!

नावे कशी ठेवीत, तेही मेंदोसा पोथीत रंगवलेले आहे. बाळ चार दिवसांचे झाले की सुईण त्याला अंगणात आणून पाण्याने न्हाऊ घाली. मुलगा असेल तर त्याच्यापुढे ढाल, बाण आणि बापाच्या धंद्याची हत्यारे ठेवीत. त्या हत्यारांत कारकुनाची लेखणीही दिसते. मुलगी असेल तर केरसुणी, चाती आणि पेटारी. तीन लहान मुलगे बाजूला मक्याचे भाजके दाणे खात बसलेले. त्यांनी खाणे आटोपून बाळाचे नाव मोठ्याने पुकारायचे. आपल्या बारशातल्या घुगऱ्या आणि 'कुर्र' यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

जन्माच्या दिवसावरूनही नाव पडे. त्यांचे एक पंचांग होते २६० दिवसांचे : वीस चिन्हे आणि तेरा अंक यांची सांगड. 'दोन ससे' या दिवशी जन्मलेला मनुष्य हमखास दारुडा निघणार अशी समजूत होती. पण त्यावर तोडही होती. दिवस वाईट असला तर न्हाऊ घालण्याचा विधी चांगल्या दिवसापर्यंत लांबवायचा. ज्योतिषी कुठलाही असो, परिहार सांगितल्याशिवाय त्याचे भागत नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र एवढा खटाटोप नसे. त्या कुएर्नावाकाच्या मुलखातल्या १५४० च्या सुमाराच्या खानेसुमारीच्या याद्या रोमन लिपीत, पण नाहुआतल भाषेत लिहिलेल्या आहेत. त्यांत पुरुषांची नावे भातुकलीसारखी तऱ्हेतऱ्हेची आहेत. बायकांची पाहावीत तर पुन्हा पुन्हा तीच : तेयाकापान, त्लाको, शोको. म्हणजे काय? थोरली, मधली, धाकटी! एकुलती एक असेल तर मोसेल. आणि नेकावाल या नावाचा अर्थ लावतात 'मागे टाकलेली'. चित्रांच्या याद्यांतही पुरुषांच्या मानाने बायकांची नावे फार थोडी काढलेली आढळतात. कर त्याच्या नावावर, शेत त्याच्या नावावर. मग कारकुनाने तिच्यासाठी रंग कशाला खर्चावा?

स्पॅनिश पाद्री आले आणि त्यांनी बाप्तिस्मा द्यायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यांवरच ही पाळी आली. जो तो हुआन, पेद्रो नाहीतर फ्रान्सिस्को झाला. माझ्या वर्गात एका वर्षी चार स्नेहल होत्या, तेव्हा हजेरी घेताना माझी तारांबळ उडत असे. इथे तर गावेच्या गावे हुआनांनी भरून गेली. सरकारला कर हवा. पण कोणत्या हुआनकडून?

याचे उत्तर वेशोत्सिंको या गावाच्या दप्तरात आहे. तिथली १५६० ची मोजणी आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. शेकडो पानांवर वस्तीवार हजारो पुरुषांची डोकी ओळीने काढलेली आहेत. शेजारी रोमन अक्षरांत लिहिले आहे हुआन अमुक, पेद्रो तमुक. आणि प्रत्येक डोक्याजवळ त्याचे जुने, खरे नाव चित्राने काढलेले आहे. एकाजवळ गरुड आहे, तो क्वाउत्ली. दुसऱ्याजवळ ढाल आणि गदा आहे, तो याओत्ल, म्हणजे शत्रू किंवा लढाई. कुणाजवळ पक्षी, कुणाजवळ साप, कुणाजवळ फूल. पराभवाला चाळीस वर्षे होत आली होती. देव बदलले, राजे बदलले, पाद्र्याने नावे बदलली. पण एका हुआनपासून दुसरा हुआन वेगळा करायचा तर जुन्या कारकुनालाच बोलवावे लागले. करवसुलीच्या कागदात या माणसांची नावे वाचली, ती अशी.

त्या कारकुनांनी नव्या धन्यांनाही आपल्या चित्रांत बसवले. पेद्रो दे आल्व्हारादो या सरदाराला लोक 'तोनातिउ', म्हणजे सूर्य, म्हणत. १५४१ मध्ये तो मेला, त्याची नोंद करताना एका पोथीत त्याच्या नावाच्या जागी सूर्य काढला आहे. व्हाइसरॉय मेंदोसाचे तर बहारीचे झाले. घायपाताला म्हणतात 'मेत्ल' आणि घुशीसारख्या एका बिळात राहणाऱ्या प्राण्याला 'तोसान'. घायपात अधिक घूस : मे-तोसा, मेंदोसा! लॅटिन प्रार्थनाही त्यांनी अशाच पाठ केल्या. 'पातेर नोस्तेर' म्हणायचे, पण भाषेत 'र' नाही. तेव्हा 'पांत्ली' म्हणजे निशाण आणि 'नोच्त्ली' म्हणजे निवडुंगाचे बोंड, अशी दोन चित्रे ओळीने मांडायची आणि ती पाहत 'पांत्ली नोच्त्ली' असे देवाला आळवायचे. परकी भाषा परीक्षेपुरती घोकणाऱ्या आपल्या मुलांना हा इलाज नवा वाटणार नाही.

आपल्याकडेही जुन्या मराठी कागदांवर चित्रे सापडतात. गावच्या महजरावर पाटील आणि कुणबी सही म्हणून नांगर काढीत. 'निशाणी नांगर' हे शब्द त्या कागदांत जागोजाग भेटतात. इतर लोकही आपापल्या कामाच्या हत्याराची निशाणी करीत. परंतु दोन्हींत मोठा फरक आहे. नांगर हे धंद्याचे चिन्ह. गावात पन्नास कुणबी असले तरी पन्नासांचा नांगर एकच. नावासाठी शेजारी कुलकर्ण्याची मोडी लागे. पुढे नांगरही गेला आणि डाव्या हाताचा अंगठा आला. वेशोत्सिंकोच्या त्या गरीब हुआनची गोष्ट वेगळी. त्याला स्वतःला कदाचित एक अक्षरही लिहिता येत नसेल, पण यादीत आपल्या डोक्यापाशी गरुड आहे की साप आहे, हे त्याला बघता क्षणी कळत असणार. कारकुनाने चूक केली तर तो बोट ठेवून म्हणू शकत होता, 'साहेब, हा मी नव्हे.' सरकारी कागदात आपण स्वतः ओळखू येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्याने रांगेत उभे राहून नावातली एक वेलांटी दुरुस्त करून घेतली आहे त्यालाच कळेल.

आमच्या घरी एक जुनी पेटी आहे. तिच्यातल्या कागदांत आजोबांचे नाव दहा ठिकाणी आहे. आजीचे एकाही ठिकाणी नाही. सासरचे नाव आम्हांला ठाऊक आहे. माहेरी तिला काय म्हणत, हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही. त्या याद्यांतल्या थोरल्या, मधल्या आणि धाकट्या वाचताना मला त्या पेटीची आठवण झाली.

दिवाळीत अंगणात नाहीतर जिन्यापुढच्या चार फरशांवर रांगोळी निघेलच. यंदा ठिपक्यांच्या रांगोळीशेजारी घरातल्या माणसांची नावे या नाहुआ पद्धतीने काढून पाहा. कमल, चंपा, शेषराव सोपे आहेत. विठ्ठलासाठी वीट चालेल. निखिल आणि श्वेता यांना थोडे डोके खाजवावे लागेल. तिथे अर्थ सोडा आणि उच्चार धरा. मुलांचा तासभर छान जाईल. फक्त एक करा. सुरुवात घरातल्या सर्वांत वडील बाईपासून करा, आणि तिला आधी विचारा की तिचे माहेरचे नाव काय होते. ते काढा.